हेडचे काम झाल्यानंतर डिझेल इंजिनाचे टायमिंग कसे तपासावे?

शेतकरी बंधूंनो, गव्हाला पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळे फुटू लागतात. या वेळी जमिनीत ओल नसेल तर मुळे नीट धरत नाहीत, फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी किंवा खत दिले तरी ते नुकसान भरून निघत नाही. हरभऱ्याला फुलोऱ्यात आणि घाटे भरताना पाण्याचा असाच ताण सोसत नाही. आज विजेचे आणि सौर पंप बरेच झाले असले तरी नदी-ओढ्याच्या काठी, लांबच्या विहिरीवर आणि वीज वेळेवर न मिळणाऱ्या शिवारात डिझेल इंजिन अजूनही पाणी उपसते आहे. हे इंजिन नेमके पाण्याच्या पाळीला बंद पडले तर पिकाचे वेळापत्रक कोलमडते.

प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा प्राध्यापक आहे, यंत्राचा कारागीर नाही. तरीही या विषयाकडे वळावे लागले ते घरच्या अनुभवामुळे. आमच्या दादांच्या मळ्यातील 5 अश्वशक्तीच्या इंजिनाचे पॅकिंग ऐन रब्बीत गेले. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले, नवे पॅकिंग टाकले. त्यानंतर इंजिन जड सुरू होऊ लागले आणि धूर देऊ लागले. कारागिराने "टायमिंग हलले आहे" असे सांगून फ्युएल पंपाखालच्या दोन चकत्या काढून टाकल्या. इंजिन ठोकू लागले, हँडलने उलटा झटका दिला आणि दादांचे मनगट महिनाभर सुजून राहिले. गव्हाचे निम्मे रान भिजते न भिजते तोच पॅकिंग पुन्हा गेले. उरलेल्या निम्म्या रानाला 21 व्या दिवसाचे पाणी 34 व्या दिवशी मिळाले. एकाच वाणाच्या, एकाच दिवशी पेरलेल्या त्या दोन तुकड्यांतील फुटव्यांचा फरक बांधावरूनही दिसत होता. नंतर इंजिन उघडून पाहिले तेव्हा समजले की टायमिंग मुळात बिघडलेलेच नव्हते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटला फटच ठेवलेली नव्हती.

म्हणून हेडचे काम झाल्यावर कोणती तपासणी कोणत्या क्रमाने करावी आणि टायमिंगला हात केव्हा लावावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

टायमिंग म्हणजे काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा 16 ते 18 पट दाबली गेल्याने एवढी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. परंतु डिझेल पडताक्षणी पेटत नाही. थेंब बारीक होणे, वाफ होणे, हवेत मिसळणे यासाठी थोडा अवधी लागतो. त्यामुळे पिस्टन सर्वांत वरच्या बिंदूवर पोहोचण्याच्या थोडे अगोदर फवारणी सुरू करावी लागते. या वरच्या बिंदूला कारागीर टी.डी.सी. म्हणतात. फवारणी त्याच्या किती अंश अगोदर सुरू होते, त्याला डिझेलचे टायमिंग म्हणतात.

मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या अनेक लहान इंजिनांत हा आकडा 23 अंश असतो. या वेगाने एक फेरा 0.04 सेकंदात पूर्ण होतो. म्हणजे 23 अंशांचा अवधी एका सेकंदाचा सुमारे 400 वा भाग एवढाच भरतो. इतका बारीक हिशोब कानाने आवाज ऐकून जुळत नाही, हे यावरून लक्षात यावे. मिनिटाला 650 फेरे घेणाऱ्या जुन्या, सावकाश चालणाऱ्या इंजिनांचा आकडा वेगळा असतो. आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तिकेतून किंवा विक्रेत्याकडून लिहून घ्यावा. शेजाऱ्याच्या इंजिनाचा आकडा वापरू नये.

फवारणी फार लवकर झाली तर पिस्टन वर येत असतानाच त्याच्यावर जोराचा दाब पडतो. इंजिन ठोकते, हँडल उलटे मारते, बेअरिंग आणि पॅकिंगवर ताण येतो. फवारणी उशिरा झाली तर डिझेल पिस्टन खाली जाताना जळत राहते. ताकद घटते, धूर वाढतो, सायलेन्सर आणि पाणी जास्त तापते आणि डिझेल अधिक लागते.

हेड उतरविल्याने टायमिंग बदलते का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या पंपाच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, क्रँकशाफ्टशेजारी असते आणि ते दातेरी चाकांनी फिरते. फ्युएल पंपही त्याच कॅमवर चालतो. वर हेडमध्ये फक्त व्हॉल्व्ह, रॉकर आणि नोझल असतात. त्यामुळे निव्वळ हेड उतरवून पुन्हा बसविल्याने डिझेलचे टायमिंग बदलत नाही. ते बदलते तेव्हा पुढीलपैकी एखादी गोष्ट झालेली असते.

1. फ्युएल पंप काढला आणि बसविताना त्याखालची एखादी चकती हरवली किंवा जास्त पडली.
2. गिअरचे झाकण उघडले आणि दातांवरील खुणा न जुळविता चाके बसविली.
3. फ्लायव्हील बदलले किंवा त्याची चावी झिजून चाक सरकले. अशा वेळी टायमिंग बरोबर असूनही चाकावरची खूण खोटी ठरते.
4. कॅम, रोलर किंवा पंपाचा प्लंजर फार झिजला.

यांपैकी काहीही झालेले नसेल आणि तरीही इंजिन नीट चालत नसेल, तर दोष टॅपेटची फट, पॅकिंग, नोझल किंवा डिझेलच्या नळीतील हवा यांत शोधावा. कारागीर टायमिंग हलले म्हणाला तर "पंप काढला होता का? गिअरचे झाकण उघडले होते का?" असे जरूर विचारावे.

हेड उघडे असतानाच करावयाचे काम

टी.डी.सी.ची खरी खूण तपासण्याची उत्तम संधी हेड उघडे असतानाच मिळते. पिस्टन वर आल्यावर काही अंशांपर्यंत तो जागचा हललेला दिसत नाही. म्हणून नुसत्या नजरेने ही खूण ठरविता येत नाही. त्यासाठी पुढील सोपी रीत वापरावी.

एक जाड लोखंडी पट्टी घेऊन तिच्या मध्यभागी भोक पाडावे आणि त्यात एक बोल्ट बसवावा. ही पट्टी सिलिंडरवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंच्या हेडच्या स्टडवर नटांनी आवळावी. यामुळे चाक फिरविताना लायनर वर सरकण्याचा धोकाही टळतो. बोल्टचे टोक सिलिंडरमध्ये थोडे खाली उतरलेले असावे, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याआधीच त्याला टेकेल. आता चाक हाताने सावकाश चालू दिशेने फिरवावे. पिस्टन बोल्टला टेकला की स्थिर काट्यासमोर चाकावर खडूने एक खूण करावी. नंतर चाक उलट दिशेने फिरवून पिस्टन पुन्हा टेकला की दुसरी खूण करावी. या दोन खुणांमधील जवळचे अंतर टेपने मोजून त्याचा बरोबर मध्य काढावा. तो मध्य म्हणजे खरी टी.डी.सी. होय. कारखान्याची खूण येथेच असेल तर चाक विश्वासू आहे असे समजावे. नसेल तर नवी खूण छिन्नीने बारीक पण ठळक करून ठेवावी. चाक फिरविताना जोर लावू नये, अन्यथा पिस्टनच्या माथ्याला इजा होते.

याच वेळी पॅकिंगची जाडी पाहून घ्यावी. जुन्यापेक्षा जाड पॅकिंग टाकल्यास हवा कमी दाबली जाते, इंजिन जड सुरू होते आणि टायमिंग उशिरा असल्यासारखी लक्षणे दिसतात. पातळ पॅकिंग टाकल्यास पिस्टन आणि हेड यांतील जागा धोकादायकपणे कमी होऊ शकते. पिस्टनवर शिशाच्या तारेचे तुकडे ठेवून, हेड आवळून, चाक एकदा फिरवून ती चेपलेली तार मोजावी आणि पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावी.

प्रथम टॅपेट, नंतर टायमिंग

हेडचे नट एका बाजूने ओळीने आवळू नयेत. समोरासमोरचे नट आळीपाळीने, तीन फेऱ्यांत, शक्यतो टॉर्क पान्याने आवळावेत.

त्यानंतर टॅपेटची फट लावावी. व्हॉल्व्ह घासल्याने तो बैठकीत थोडा आत जातो आणि त्याची दांडी रॉकरच्या बाजूला वर येते. हेडचे फेसिंग केल्यास रॉकर पुशरॉडच्या जवळ येतो. या दोन्हींमुळे फट कमी होते आणि कधी कधी नाहीशीच होते. फट नसली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. दाब निसटतो, गरम वायू बैठकीतून घुसतात आणि व्हॉल्व्ह जळतो. हेडच्या कामानंतर येणाऱ्या तक्रारींचे हे एक मोठे कारण आहे.

फट लावताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टी.डी.सी.वर हवा. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एकदा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, तर दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडत असतो. डिकॉम्प्रेशन लिव्हर नेहमीच्या चालू स्थितीत ठेवून पुशरॉड बोटांनी फिरवून पाहावेत. दोन्ही सैल फिरले तर ती कॉम्प्रेशनची वेळ. एखादा ताठ असेल तर चाक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावे. फट फारच कमी असेल तर बंद व्हॉल्व्हचा पुशरॉडही ताठ लागतो, म्हणून चाक फिरविताना रॉकरच्या हालचालीवरही लक्ष ठेवावे.

फिलर गेजचे योग्य पान फटीत घालून स्क्रू फिरवावा. पान किंचित घासत सरकले पाहिजे. स्क्रू धरून ठेवून चेकनट आवळावा आणि फट पुन्हा मोजावी, कारण चेकनट आवळताना ती बदलते. इंजिन थंड असताना की गरम असताना मोजावयाचे, हे पुस्तिकेत पाहावे. पोस्टकार्ड किंवा ब्लेड घालून अंदाजाने फट लावण्याची सवय सोडावी.

डिझेलचे टायमिंग तपासण्याची रीत

वरील सर्व झाल्यावरच टायमिंग तपासावे. त्यासाठी टी.डी.सी.च्या खुणेवरून फवारणीची खूण काढता आली पाहिजे. चाकाचा परीघ टेपने मोजून त्याला 360 ने भागावे, म्हणजे एका अंशाचे अंतर मिळते. समजा परीघ 144 सें.मी. म्हणजे 1440 मि.मी. आहे. तर एक अंश 4 मि.मी. झाला आणि 23 अंश 92 मि.मी. झाले. टी.डी.सी.च्या खुणेपासून एवढे अंतर परिघावर मोजून दुसरी खूण करावी. चाक चालू दिशेने फिरताना ही खूण काट्यासमोर आधी यावी आणि टी.डी.सी.ची नंतर, हे ध्यानात ठेवावे. उलट बाजूला खूण केल्यास सर्वच चुकते.

नंतर पुढीलप्रमाणे कृती करावी.

1. फ्युएल पंपाच्या भोवतीचा भाग रॉकेल किंवा डिझेलने धुऊन पुसून घ्यावा. मातीचा एक कणही पंप खराब करतो.
2. नोझलकडे जाणारी दाबाची नळी काढावी.
3. पंपाच्या डोक्यावरील होल्डर खोलून आतील डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढावी, स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवावी आणि होल्डर पुन्हा बसवावा. व्हॉल्व्हची बैठक आत तशीच राहू द्यावी.
4. होल्डरवर वाकडी आखूड नळी लावावी, म्हणजे थेंब स्पष्ट दिसतात.
5. कंट्रोल रॅक चालू स्थितीत ठेवावा. तो बंद स्थितीत असेल तर थेंब थांबणारच नाहीत.
6. टाकीचा कॉक उघडून नळीतील हवा जाऊ द्यावी. डिझेल सलग वाहू लागेल.
7. कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकमध्ये चाक चालू दिशेने अगदी सावकाश फिरवावे. धार मंदावते, थेंब पडू लागतात आणि एका क्षणी थेंब थांबतात. हीच फवारणीची सुरुवात होय.
8. काट्यासमोर आपली खूण आली आहे का ते पाहावे. खूण पुढे गेली तर चाक थोडे मागे आणण्याऐवजी चांगले पाव फेरा मागे नेऊन पुन्हा सावकाश पुढे आणावे. असे न केल्यास गिअरमधील ढिलाईमुळे मोजणी चुकते.

ही तपासणी तीन वेळा करावी. तिन्ही वेळी एकच जागा आली तर ती खरी मानावी.

चकत्यांचा नियम

बऱ्याच इंजिनांत फ्युएल पंपाच्या बैठकीखाली पातळ चकत्या असतात. चकती वाढविली की पंप कॅमपासून वर उचलला जातो आणि फवारणी उशिरा होते. चकती काढली की फवारणी लवकर होते. काही इंजिनांत चकत्यांऐवजी टॅपेटचा बोल्ट वर-खाली करून हेच साधतात. एका वेळी एकच पातळ चकती बदलावी, पंपाचे नट सारखे आवळावेत आणि थेंबांची तपासणी पुन्हा करावी. काढलेल्या चकत्या फेकू नयेत, तारेत ओवून इंजिनाच्या पेटीत ठेवाव्यात. काम संपल्यावर डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग परत बसविण्यास विसरू नये.

जुना ट्रक आणि ट्रॅक्टर

ऊस, भाजीपाला वाहणाऱ्या जुन्या ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या पुशरॉडच्या इंजिनालाही हेच तत्त्व लागू आहे. हेड उतरविल्याने पंपाचे टायमिंग बदलत नाही. फक्त पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे याची खात्री करावी. चार सिलिंडरच्या इंजिनात चौथ्याचे आणि सहा सिलिंडरच्या इंजिनात सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, तर पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर असतो. फायरिंगचा क्रम सामान्यपणे चार सिलिंडरला 1-3-4-2 आणि सहा सिलिंडरला 1-5-3-6-2-4 असा असतो. नोझलच्या नळ्या काढण्यापूर्वी त्यांना चिठ्ठ्या बांधाव्यात.

पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून पंपावरचा 1 अंश म्हणजे क्रँकवरचे 2 अंश, हे विसरू नये. पंपाच्या बैठकीला लांबट भोके असतील तर पंपाचे अंग त्याच्या शाफ्टच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकविल्यास फवारणी लवकर होते आणि त्याच दिशेने सरकविल्यास उशिरा होते. सरकविण्यापूर्वी नळ्या ढिल्या कराव्यात. पंप उघडून प्रत्येक सिलिंडरचे डिझेल सारखे करण्याचे काम मात्र पंप दुरुस्तीच्या यंत्रावरच करून घ्यावे. ज्या गाड्यांच्या हेडवरच कॅमशाफ्ट असून ते पट्ट्याने किंवा साखळीने फिरते, तेथे हेड काढताना टायमिंग सुटतेच. त्यांच्या खुणा जुळविल्याशिवाय इंजिन फिरवूसुद्धा नये, कारण व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

लक्षणांवरून दोष ओळखणे

• सुरू करताना जड, पांढरा धूर, हँडल हलके लागते : दाब निसटतो आहे. टॅपेट, व्हॉल्व्हची बैठक, पॅकिंग आणि रिंग तपासाव्यात.
• हँडल उलटे मारते, भार नसतानाही कडक ठोका : फवारणी लवकर होत असावी.
• ताकद कमी, सायलेन्सर फार तापतो, धूर जास्त : फवारणी उशिरा होत असावी किंवा नोझल टिपकत असावे.
• भारावर काळा धूर : हवेची गाळणी तुंबली आहे, नोझल खराब आहे किंवा पंपाचा भार इंजिनाला झेपत नाही.
• निळसर धूर : ऑइल जळते आहे. याचा टायमिंगशी संबंध नाही.
• सुरू होऊन बंद पडते : नळीत हवा आहे किंवा डिझेलची गाळणी तुंबली आहे.

सुरक्षिततेच्या सूचना

नोझल बाहेर काढून फवारा पाहताना त्यासमोर हात धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरते. ही जखम बाहेरून लहान दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जावे. टायमिंग पाहताना विडी-सिगारेट जवळ आणू नये. काम संपल्यावर हँडल शाफ्टवर राहिले नाही ना, याची खात्री करावी. सैल धोतर, उपरणे किंवा साडीचा पदर चाकाजवळ नसावा.

चाचणी आणि नोंद

इंजिन अर्धा तास कमी भारावर चालवावे. नंतर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हेडचे नट पुन्हा तपासून टॅपेटची फट परत मोजावी, कारण नवे पॅकिंग दबल्यावर फट बदलते. शेवटी अर्धा लिटर डिझेलवर पूर्ण भाराने इंजिन किती मिनिटे चालते ते पाहावे. चांगल्या स्थितीतील 5 अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर ताशी साधारणपणे एक ते सव्वा लिटर डिझेल घेते. म्हणजे अर्धा लिटर 24 ते 30 मिनिटे पुरावे. ही मिनिटे, टॅपेटची फट, चकत्यांची संख्या आणि तारीख एका वहीत लिहून ठेवावी. पुढच्या वेळी कारागीर कोणीही असला तरी या वहीवरून इंजिन मूळ स्थितीत आणता येते.

आमच्या दादांच्या इंजिनाच्या दोन्ही चकत्या परत घालून आणि टॅपेटची फट लावून आता ते पहिल्या हँडलला सुरू होते. हे काम जेमतेम दोन तासांचे होते. ते वेळीच झाले असते तर गव्हाचे तेरा दिवस वाया गेले नसते. तेव्हा शेतकरी बंधूंनो, इंजिनाची अशी तपासणी पेरणीपूर्वीच, म्हणजे विहिरीवर गर्दी नसताना करून घ्यावी आणि टायमिंगच्या चकत्यांना हात लावण्यापूर्वी टॅपेटची फट अवश्य मोजावी.